आधी रोजकीर्द, मग रिअ‍ॅक्ट

उधना, लिंबायत, डिंडोली. खानदेशातून येऊन सुरतेत मुळे धरलेल्या मराठी माणसांचे हे भाग. बापाने लूमवर नाहीतर डाइंग मिलमध्ये हाडे झिजवली. मुलगा कॉम्प्युटरचा क्लास लावतो. क्लासच्या पाटीवर 'सहा महिन्यांत फुल स्टॅक' असे लिहिलेले असते आणि त्याखाली चार नावे: मोंगो, एक्सप्रेस, रिअ‍ॅक्ट, नोड. मी रिंग रोडवरच्या कापड व्यापाऱ्यांसाठी वेब अ‍ॅप्लिकेशने लिहितो, म्हणून अशी मुले काम मागायला माझ्याकडे येतात. परवा एकाला विचारले, "बिलाचा नंबर कसा पाडशील?" तो म्हणाला, "काका, त्याचं पॅकेज मिळतं."

माझे भांडण त्या मुलाशी नाही. ज्या मताने त्याच्या तोंडी हे उत्तर घातले, त्या मताशी आहे.

ते मत आधी त्याच्याच बाजूने मांडतो. सर्व्हरवर पान तयार करून पाठवणे, साधा फॉर्म, एसक्यूएलचा डेटाबेस ही साधने कालबाह्य झाली. प्रत्येक क्लिकला पान नव्याने उघडले तर आजचे गिऱ्हाईक थांबत नाही. उद्या लाखो लोक वापरतील, तर बांधणी आजच तेवढी हवी. शिवाय आता कोड यंत्रच लिहून देते. मुळाशी जायचे कशाला?

कालबाह्यतेचा आरोप पहिला घेऊ. एसक्यूएल आयबीएममध्ये १९७४ साली जन्मले. वेबपानावरचा फॉर्म १९९५च्या एचटीएमएल मानकात आहे. दोन्ही आजही चालतात. उलट २०१० साली आलेले अँग्युलरजेएस त्या वेळी भविष्य म्हणून शिकवले जाई. २०२१च्या अखेरीस त्याचा आधार बंद झाला. कालबाह्य कोण झाले? पॅकेजांच्या भरवशाचेही तेच. २२ मार्च २०१६ रोजी एका लेखकाने 'लेफ्ट-पॅड' नावाचे अवघ्या अकरा ओळींचे पॅकेज मागे घेतले आणि जगभरच्या प्रकल्पांची बांधणी अडली. अकरा ओळी स्वतः लिहिण्याचा कंटाळा एवढा महाग पडला.

आता वेगाचा मुद्दा. कापड मार्केटच्या आतल्या गाळ्यांत मोबाइलचे नेटवर्क कसे असते, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. अशा जागी ब्राउझरने आधी भलेमोठे जावास्क्रिप्टचे गाठोडे ओढायचे, ते उलगडायचे, मग सर्व्हरकडे माहिती मागायची. तोवर पडद्यावर चक्र फिरत राहते. सर्व्हरकडून तयार आलेले काही किलोबाइटचे पान तेवढ्यात दिसून भरूनही होते. आणि सुरतेत वेगाचा निवाडा करतात दुकानाचे हिशेबनीस, म्हणजे मेहताजी. त्यांची बोटे टॅलीवर तयार झालेली आहेत. एंटर दाबला की पुढचा रकाना आला पाहिजे, नजर पडद्यावर न जाता. तुमची बटणे कितीही सुबक सरकोत, हात माऊसकडे न्यायला लावलात की मेहताजींच्या लेखी तुमचे अ‍ॅप्लिकेशन मंद.

लाखोंच्या भीतीला साधा हिशेब पुरतो. दिवसाला हजार बिले फाडणारे दुकान म्हणजे मोठेच दुकान. वर्षाची झाली ३ लाख ६५ हजार. योग्य इंडेक्स लावलेल्या पोस्टग्रेस डेटाबेसला साध्या मशिनवरही एवढ्याचा घाम फुटत नाही. विकिपीडिया, त्यातला मराठी विकिपीडियाही, पीएचपी आणि मारियाडीबीवर चालतो. आपल्या पार्टीचा व्याप त्याहून मोठा आहे असे ज्याला वाटते, त्याने खुशाल वीस मायक्रोसर्व्हिसेस बांधाव्यात.

राहिले कोड लिहिणारे यंत्र. ते मीही वापरतो. पण यंत्र विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. न सुचलेला प्रश्न तुमच्याच अंगावर येतो. 'बिलाचे पान कर' म्हटले की पान होते. त्यात पैसे कोणत्या प्रकारच्या संख्येत ठेवले, हे पाहणारा डोळा तयार हवा.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. रिअ‍ॅक्ट २०१३ साली फेसबुकने खुले केले ते गंमत म्हणून नव्हे. एकाच पडद्यावर अनेक तुकडे एकमेकांवर अवलंबून सतत बदलत असतील, तिथे ते खरोखर कामाचे आहे. साडीची किनार, पदर, रंग पडद्यावर जुळवून पाहण्याचे साधन करायचे तर मीही तेच घेईन. नोकरीच्या जाहिरातीत त्याचे नाव असते, हेही खरे. म्हणून शिका जरूर. आक्षेप क्रमावर आहे.

मग आधी काय शिकावे? एक बिल घ्या. त्यात वेब अ‍ॅप्लिकेशनची निम्मी विद्या आहे.

जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक ओळीने हवा, सोळा अक्षरांपेक्षा लांब नको आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको. नवशिका डेटाबेसच्या सीक्वेन्सवर विसंबतो. पण ट्रॅन्झॅक्शन मोडून मागे फिरले तरी पोस्टग्रेसचा सीक्वेन्स मागे फिरत नाही. १०४ नंतर १०६ येतो आणि १०५ कुठे गेला याचा जाब मेहताजींना द्यावा लागतो. त्यापेक्षा फर्म आणि वर्ष यांची एक ओळ टेबलात ठेवावी, बिल लिहिणाऱ्या ट्रॅन्झॅक्शनमध्येच ती 'सिलेक्ट फॉर अपडेट'ने धरावी, आकडा एकने वाढवावा आणि बिल लिहून झाल्यावर सोडावी. वर फर्म, वर्ष आणि क्रमांक यांवर युनिकचे बंधन घालावे. कोड चुकला तरी डेटाबेस अडवतो.

नेटवर्क अडखळले की माणूस 'सेव्ह' पुन्हा दाबतोच. म्हणून फॉर्मसोबत एक लपलेली खूण पाठवावी. तीच खूण दुसऱ्यांदा आली तर नवे बिल न करता पहिलेच दाखवावे. सेव्ह झाल्यावर दुसऱ्या पत्त्यावर वळवावे, म्हणजे पान ताजे केले तरी बिल दुबार होत नाही.

पैशांत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. सुरुवातीला रक्कम दशांशात ठेवली आणि एका पार्टीचा उतारा एका पैशाने जुळेना. मी म्हटले, एक पैसा सोडा. मेहताजींनी वही मिटली नाही. जावास्क्रिप्टला १.००५ दोन दशांश स्थळांपर्यंत आणायला सांगा: हाताने १.०१ येतात, 'टूफिक्स्ड' १.०० देते. तेव्हापासून रक्कम पैशांत, पूर्णांकात.

कर कोणता, हे पार्टीच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे सुचवतात: २४ गुजरात, २७ महाराष्ट्र. सुरतेचा माल मालेगावला विकला तर आयजीएसटी, सुरतेतल्याच वराछाला विकला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी. हा निर्णय सर्व्हरवर व्हावा. ब्राउझरमध्ये केलेली तपासणी ही सोय असते, पहारा नसतो.

बिल, साठा आणि पार्टीचे खाते या तीन नोंदी एकत्र व्हाव्यात किंवा एकही होऊ नये. एसक्यूएलच्या डेटाबेसात हे काम कित्येक दशके मुरलेले आहे. मोंगोमध्ये अनेक दस्तऐवजांचे एकत्रित ट्रॅन्झॅक्शन २०१८ साली आले.

आणि सगळ्यात मोठा धडा चोपड्याचा. रोजकीर्दीत खाडाखोड करत नाहीत. चूक झाली तर उलटी नोंद टाकतात. खतावणी रोजकीर्दीवरून केव्हाही पुन्हा उतरवता येते. डेटाबेसही असाच मांडावा: घटना ओळीने लिहायच्या, शिल्लक त्यांतून काढायची. 'इव्हेंट सोर्सिंग' या भारदस्त नावाने जे शिकवले जाते, त्याचा गाभा सुरतेचा व्यापारी दिवाळीला पूजतो.

चोपडा सुरक्षित ठेवणे हेही त्यातच आले. ऑगस्ट २००६ मध्ये तापी शहरात शिरली. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिंग रोडवरचे शिवशक्ती टेक्स्टाइल मार्केट जळाले. बॅकअप दुकानाच्याच कपाटात असेल तर तो बॅकअप कसला? तो शहराबाहेर हवा आणि महिन्यातून एकदा कोऱ्या मशिनवर उतरवून पाहायला हवा.

त्या मुलाला मी काम दिले. पहिला आठवडा कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. मेहताजींच्या शेजारी बसवले. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो आला आणि म्हणाला, "काका, बिल रद्द झालं तर तो नंबर पुन्हा वापरायचा का?"

"मेहताजी काय म्हणाले?"

"नाही म्हणाले. रद्द लिहून तसाच ठेवायचा."

"मग टेबल कसं करशील?"

तो वही काढून बसला.