गिधाडाचे पालकत्व आणि आपली पेटी

३० डिसेंबर २०२४ ची केंद्र सरकारची अधिसूचना एव्हाना सर्वांच्या वाचनात आली असेल. जनावरांसाठीच्या निमेसुलाइड या वेदनाशामकाचे उत्पादन, विक्री आणि वितरण आता बंद आहे. २००६ साली डायक्लोफिनॅक गेले, ३१ जुलै २०२३ रोजी किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक गेले, आणि आता हे चौथे. चारही बंद्यांचे कारण एकच, गिधाड. अधिसूचनेवर आमच्याकडे वाचकांची पत्रे आली, त्यांत तक्रारीच जास्त आहेत. त्याच सुमारास दुसऱ्या बाजूनेही विचारणा होऊ लागली. मार्चअखेर जवळ आली की कंपन्यांना शिल्लक सीएसआर निधीची आठवण होते. यंदा कोल्हापूर जिल्ह्यातल्या उद्योगांतून विचारले गेले, ‘आम्हाला गिधाड दत्तक घ्यायचे आहे, कोणाशी बोलायचे?’

हेतू चांगला आहे आणि आम्ही त्याचे स्वागत करतो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वाघ-बिबट्यांना दत्तक देण्याची योजना जुनी आहे. इंडियन ऑइलने ऑगस्ट २०२२ मध्ये चित्ता प्रकल्पासाठी चार वर्षांत ५०.२२ कोटी रुपये देण्याचा करार केला. मग शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एखाद्या कारखान्याला वाटले की आपण एका गिधाडाचा खर्च उचलावा, तर त्यात गैर काहीच नाही. पण हा पैसा पिंजऱ्यातल्या पक्ष्यावर खर्च होणार की त्या पक्ष्याच्या मरणाच्या कारणावर, हे विचारण्याची जबाबदारी आपली, म्हणजे पशुवैद्यकांची आहे. कारण ते मरण आपल्याच औषधांच्या पेटीतून निघते.

पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे काम उत्तम झाले आहे. हरियाणात पिंजोर येथे २००१ साली ब्रिटनच्या डार्विन इनिशिएटिव्हच्या मदतीने केंद्र उभे राहिले. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि हरियाणा वनखात्याने तिथे पांढऱ्या पाठीच्या आणि लांब चोचीच्या गिधाडांची पैदास यशस्वी करून दाखवली. जानेवारी २०२४ मध्ये तिथली वीस गिधाडे महाराष्ट्रात आली, दहा पेंचला आणि दहा ताडोबाला. सरावानंतर त्यांना मोकळे सोडले. ताडोबातले एक पांढऱ्या पाठीचे गिधाड उडत थेट तमिळनाडूत पोहोचले आणि तिथे विजेचा धक्का लागून मेले. विजेच्या तारांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो वीज कंपन्यांनी सोडवायचा आहे. आपल्यासाठी महत्त्वाचे हे की चंद्रपूर जिल्ह्यात सोडलेला पक्षी तमिळनाडूपर्यंत जातो. वाटेत तो कोणाच्या गावाबाहेरच्या मढ्यावर उतरेल, हे कोणीच ठरवू शकत नाही.

‘आमच्या तालुक्यात गिधाड आहे कुठे?’ असे विचारणाऱ्या सभासदांना हे उत्तर आहे. दुसरे उत्तर बाजारात मिळेल. वडगावच्या बाजारात विकलेले भाकड जनावर कोणत्या जिल्ह्यात जाऊन मरते, याची नोंद कोणाकडे नसते. आदल्या दिवशी आपण टोचलेले औषध मात्र त्याच्या अंगात असते. गिधाडांची संख्या इतकी कोसळायला किती मढी दूषित असावी लागतात, याचे गणित २००४ सालीच मांडले गेले. शंभरात एकसुद्धा नाही, ०.८ टक्क्यांहून कमी मढ्यांत घातक मात्रेत डायक्लोफिनॅक असले तरी तेवढे पुरते. त्या काळात देशभर गोळा केलेल्या यकृताच्या नमुन्यांपैकी सुमारे दहा टक्क्यांत ते सापडले होते. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी का घटली, ते या दोन आकड्यांवरून कळते. एका मढ्यावर पन्नास-साठ पक्षी बसतात. त्यांची मूत्रपिंडे बंद पडतात, यकृतावर आणि हृदयावर युरिक आम्लाचा पांढरा थर चढतो आणि अख्खा थवा दोन-तीन दिवसांत संपतो.

म्हणजे सगळा प्रश्न मढ्यात काय आहे याचा आहे. आणि या जिल्ह्यातल्या मढ्यात काय आहे, हे आज कोणी पाहत नाही. आमची मूळ तक्रार हीच आहे.

नमुना मिळवणे अवघड आहे असे नाही. विमा उतरवलेली गाय किंवा म्हैस मेली की आपण शवविच्छेदन करतोच. कानातला बिल्ला, फोटो, पंचनामा, अहवाल हे सगळे दाव्यासाठी होते. पोट उघडलेले असते, यकृत समोर असते, हातात सुरी असते. त्याच वेळी यकृताचा आणि मूत्रपिंडाचा एकेक तुकडा बर्फाच्या डब्यात घालायला फार तर पाच मिनिटे लागतील. गावकऱ्यांना एवढेच विचारायचे की शेवटच्या आठवड्यात कोणी, कोणते इंजेक्शन दिले. पण पुढे तो डबा कुठे पाठवायचा? तपासणीचा खर्च कोणी द्यायचा? अहवाल आला आणि त्यात बंदी घातलेले औषध निघाले, तर तो कोणाला सादर करायचा?

इथे सगळे अडते. गिधाड वनखात्याचे, म्हैस पशुसंवर्धन खात्याची आणि औषधाची कुपी अन्न व औषध प्रशासनाची. वनखाते पक्षी मोजते, पण औषध दुकानाची झडती घेऊ शकत नाही. पशुसंवर्धन खाते परिपत्रक काढते, पण विक्रेत्याचा परवाना त्याच्या हातात नाही. अन्न व औषध प्रशासनाला परवाना रद्द करता येतो, पण गोठ्यात काय टोचले गेले ते त्याला दिसत नाही. आमच्या एका वाचकाकडे अधिसूचनेपूर्वी घेतलेल्या निमेसुलाइडच्या कुप्या शिल्लक आहेत. त्या परत कोणाला द्यायच्या, हे त्याने रीतसर लेखी विचारले. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवले, दुसऱ्याने पहिल्याकडे. कुप्या अजून त्याच्या कपाटात आहेत. कायदा पाळायला निघालेल्या माणसाची ही गत असेल, तर न पाळणाऱ्याला कोण विचारणार? अधिकाऱ्यांनी आता ‘हा विषय आमच्या अखत्यारीत नाही’ हे वाक्य बंद करावे. जिल्हाधिकाऱ्यांनी तिन्ही खात्यांना एका टेबलाशी बसवून एक अधिकारी नेमावा आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावावा. त्यासाठी मुंबईच्या परवानगीची गरज पडू नये.

कंपन्यांच्या पैशाचे गणितही याच ठिकाणी चुकते. दत्तक योजनेत फलक मिळतो, प्रमाणपत्र मिळते, वार्षिक अहवालात फोटो छापता येतो. यकृताच्या तुकड्याचा फोटो कोणी छापत नाही. पण कंपन्यांनी कंपनी कायदाही नीट वाचावा. आपल्या मालाची किंवा सेवेची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व नियमांनुसार सीएसआर खर्चात धरता येत नाही. प्राणी आणि वनस्पतींचे संरक्षण, निसर्गाचा समतोल आणि प्राणिकल्याण मात्र त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेले आहे. मढ्यांची तपासणी या तिन्हींत बसते. ती करणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी आहे की नाही, एवढे सनदी लेखापालाकडून पाहून घ्यावे.

मुदतीचा घोळ याहून मोठा आहे. हिवाळ्यात घातलेल्या अंड्यातले पिल्लू एप्रिल-मेपर्यंत घरट्यात असते. ३१ मार्चला कंपनी हिशेब बंद करते तेव्हा ते उडायलाही शिकलेले नसते. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू साधारण पाच वर्षांचे झाल्यावर अंडी घालू लागते. चालू प्रकल्पाला कायद्याने सुरुवातीचे वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतात. म्हणजे पहिल्या वर्षीचे पिल्लू वयात येण्याआधीच फाईल बंद होते. म्हणून ज्यांना खरोखर काही करायचे आहे त्यांनी मार्चमध्ये धनादेश फाडून मोकळे होऊ नये. आताच चालू प्रकल्प म्हणून संचालक मंडळाचा ठराव करावा आणि उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत न खर्चलेल्या निधीच्या वेगळ्या खात्यात टाकावी. मग पुढच्या तीन वर्षांत ती तपासणीवर खर्च करता येते. शिकारी पक्ष्यांसाठी खासगी पैसा शहाणपणाने वापरता येतो, याचे उदाहरण दूर शोधायला नको. मुंबईच्या रॅप्टर रिसर्च अँड कॉन्झर्वेशन फाउंडेशनने अशा पक्ष्यांच्या अभ्यासालाच पाठबळ दिले आहे.

आता आपल्याच लोकांविषयी. २००६ पासून बंदी असली तरी डायक्लोफिनॅक गोठ्यात येते, ते माणसांच्या औषधांच्या दुकानातून. २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनचे मोठे पॅक बंद करून ३ मिलीची मर्यादा घातली गेली. ५०० किलोच्या म्हशीला त्या हिशेबाने ७५ मिलिग्रॅमच्या सात कुप्या फोडाव्या लागतात. सात कुप्या एकामागून एक सिरिंजमध्ये ओढणाऱ्याला आपण काय करतो आहोत ते कळत नाही, असे आम्ही मानत नाही.

बचाव ठरलेला असतो, ‘त्याऐवजी दिलेल्या मेलॉक्सिकॅमने उतार पडत नाही.’ संध्याकाळची वेळ, गडहिंग्लजकडचा एखादा गोठा, १०६ डिग्री ताप, फुगलेली कास, आणि मालक विचारतो, ‘डॉक्टर, सकाळी धार काढायला येईल न्हवं?’ हे दडपण आम्हाला माहीत आहे. पण अशा वेळी किती मेलॉक्सिकॅम ओढले जाते, ते प्रत्येकाने प्रामाणिकपणे आठवावे. किलोला अर्धा मिलिग्रॅम धरला तर ५०० किलोच्या म्हशीला २५० मिलिग्रॅम लागते. कुपीवर मिलीला ५ मिलिग्रॅम लिहिले असेल तर ते ५० मिली होते. आपण १५-२० मिली टोचतो, कारण मालकाला बिल जड वाटते, आणि मग औषधाला नावे ठेवतो. तो दोष औषधाचा नाही, मात्रेचा आहे. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, टोल्फेनॅमिक आम्लही सुरक्षित ठरले आहे. असिक्लोफिनॅकचे मात्र जनावराच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होते. फ्लुनिक्सिनही गिधाडाला मारते. परदेशात तसा मेलेला पक्षी सापडला आहे, म्हणून बंदीच्या यादीची वाट न पाहता ते आजच बाजूला ठेवावे.

मालकाच्या बिलाचा प्रश्न खराच आहे, आणि कंपन्यांचा पैसा इथेही कामी येऊ शकतो. सुरक्षित औषधाची घाऊक खरेदी करून ते दूध संघांच्या पशुवैद्यकीय सेवेतून आणि सरकारी दवाखान्यांतून कमी दरात मिळाले, तर सात कुप्या फोडण्याचा मोह राहणार नाही. आपल्या जिल्ह्यात दूध संघांचे जाळे घरोघर पोहोचले आहे. इतकी सोय ताडोबाजवळच्या गावांनाही नाही.

‘मढी आता पुरतातच, मग गिधाडाला काय मिळणार?’ हा युक्तिवादही ऐकू येतो. २०२२ च्या लम्पीत आपण चुना-मीठ टाकून खोल खड्डे घेतले आणि ते योग्यच होते. पण प्रत्येक मढे पुरले जात नाही. पूर्वी गावाबाहेरच्या हाडकीवर कातडे सोलून नेले की उरलेले गिधाडे तासाभरात साफ करत. आज तिथे भटकी कुत्री पोसली जातात, आणि कुत्रे चावलेल्या पोरांना लस कुठे मिळेल ते विचारायला लोक आपल्याच दारात येतात. गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात दर वर्षी सुमारे एक लाख जादा माणसे दगावली, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडला आहे. गिधाडाचे काम हे सार्वजनिक आरोग्याचे काम आहे, हे आपण पशुवैद्यकांनी सांगितले नाही तर कोणी सांगायचे?

म्हणून ही विनंती, आणि ती आम्ही अगदी कळकळीने करतो आहोत. आज रात्री पेटी रिकामी करा. चारही औषधे आणि फ्लुनिक्सिन बाजूला काढा, त्यांची यादी करा आणि ती सहीनिशी औषध निरीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. पोचपावती जपून ठेवा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या कलम ३० खाली आपल्या देखरेखीत काम करणाऱ्या प्रत्येक पर्यवेक्षकाची आणि खासगी सेवादात्याची पेटी स्वतः उघडून पाहा, कारण त्यांनी टोचलेल्या औषधाची जबाबदारी आपली आहे. पुढच्या विमा शवविच्छेदनापासून यकृताचा आणि मूत्रपिंडाचा नमुना घ्यायला लागा, सोबत औषधाचा इतिहास लिहा आणि तो गोठवून ठेवा. तपासणीची सोय झाली की हेच नमुने पहिले जातील.

आणि तुमच्या तालुक्यातली एखादी कंपनी गिधाड दत्तक घ्यायला निघाली असेल, तर तिच्या अधिकाऱ्याला एकदा शवविच्छेदनाला घेऊन जा. उघडलेल्या पोटासमोर उभे राहून त्याला सांगा की गिधाड इथे मरते, पैसा इथे द्या. मार्चअखेरच्या आत प्रत्येक तालुका संघटनेने अशा किमान एका कंपनीकडून तपासणी प्रकल्पाचा ठराव मिळवावा आणि त्याची प्रत आमच्याकडे पाठवावी. आलेले प्रत्येक नाव आम्ही पुढच्या अंकात छापू. ज्या तालुक्याचे नाव येणार नाही, तेही छापू.