सरकारी वकिलाजवळ आपल्या बोलीचा माणूस हवा

साथींनो, जमीन लुटणाऱ्यावर अॅट्रॉसिटीची केस लागली की आपण म्हणतो, झालं, आता सरकार लढेल. पण केस टिकते कागदावर अन् साक्षीवर. वारलीत सांगितलेलं पोलीस आपल्या मराठीत लिहितात, त्यात निम्मं गळतं. वर्षं उलटल्यावर साक्षीदार कोर्टात उभा राहतो, तेव्हा आपल्या जबाबात काय लिहिलंय ते त्याला कळतं. समोरचा वकील तिथंच केस फोडतो.

सरकारी वकिलाकडे फायलींचा ढीग. म्हणून त्यांच्या हाताखाली आपली बोली जाणणारा, शिकलेला, पगारी माणूस नेमा, अशी मागणी आपण करावी. त्यानं सातबारा, पंचनामा, जातीचा दाखला जुळवावा, तारीख पाड्यावर कळवावी, साक्षीआधी जबाब वाचून दाखवावा. पढवायचं नाही, घडलं तेच न घाबरता सांगायला धीर द्यायचा.

कोणी म्हणेल, सरकारात गेला की तो सायबाचाच होतो. म्हणून त्याला हिशेब आपण विचारायचा.

तोवर अॅट्रॉसिटी कायद्याचे १९९५ चे नियम ध्यानात ठेवा. फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका. नक्कल फुकट मिळते, ती मागा. तपास डीवायएसपीच्या खालच्यानं करायचा नाही. साक्षीदाराला प्रवासखर्च मिळतो, तो सोडू नका.

जिंदाबाद!