विडी वळणारीच्या पदराआड

चार लोकांत विडी-सिगारेट ओढणं बंद करा, असं भंडारा जिल्ह्यात कुठल्याही बैठकीत म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. मग विडी वळणाऱ्या बायांनी खायचं काय? प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा पुरुष असतो, आणि त्याच्या हातात विडी पेटलेली असते.

या प्रश्नाचा आधी सोक्षमोक्ष लावू. सरकारी आकड्यांप्रमाणे देशात पन्नास लाखांच्या आसपास विडी कामगार आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य बाया. मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि कापलेली तेंदूची पानं घेऊन त्या घरातच वळत बसतात. कारखाना मालकाचा, पण कारखान्याची जागा, दिवा, पाणी आणि हाताखाली पोरगी हे सगळं बाईचं. हजार विड्या मोजून दिल्या की त्यातून 'छाट' म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे नाहीत, आणि त्या विड्या मात्र परतही नाहीत. 1966 साली विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा आला तेव्हा मालकांनी काय केलं? केरळात कण्णूर भागात गणेश विडीनं 1968 मध्ये गाशाच गुंडाळला. हजारो कामगार उघड्यावर आले. त्या वेळी 'बायांनी खायचं काय' असं मालकांपैकी कुणी विचारलं नाही. कामगारांनी सरकारच्या मदतीनं 1969 मध्ये दिनेश विडी ही सहकारी संस्था काढली, आणि विडीचा खप उतरू लागल्यावर तीच संस्था छत्र्या, खाद्यपदार्थ, कपडे यांकडे वळली. म्हणजे पर्याय निघतात. आपल्या भागात ते का निघाले नाहीत, हा प्रश्न तंबाखूविरोधी पाट्यांना नको, कारखानदारांना आणि त्यांच्याच घरांतून निवडून जाणाऱ्या पुढाऱ्यांना विचारायला हवा.

पुढचंही ऐका. विडीवर उपकर घेऊन 1976 मध्ये कामगार कल्याण निधी उभा केला होता. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरकुलं त्यातून होत. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. सप्टेंबर 2025 मध्ये विडीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आणायचं ठरलं. हजारामागची मजुरी त्यातून किती वाढली, ते ज्यांनी या बायांच्या नावानं अश्रू ढाळले त्यांनीच सांगावं. 2015 साली पाकिटावरचं धोक्याचं चित्र मोठं करायचं ठरलं, तेव्हा अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनं तो निर्णय थांबवायला सांगितलं. तंबाखूनं कर्करोग होतो असा भारतातला अभ्यासच नाही, असं गांधी यांनी बोलून दाखवलं, आणि सोबत विडी कामगारांची रोजीरोटी होतीच. विडी वळणारीचा पदर असा सोयीचा. त्याच्याआड कुणीही लपावं.

खरं तर सार्वजनिक धूम्रपानबंदीचा कायदा विडीवर बंदी घालतच नाही. 2003 च्या कायद्याचं चौथं कलम एवढंच म्हणतं की जिथे सगळ्यांचा वावर आहे तिथे धूर सोडू नका. ज्याला ओढायची त्यानं बांधावर जाऊन ओढावी. त्यानं तेंदूचं एक पानही कमी विकलं जाण्याचं कारण नाही. वळणारीची मजुरी धोक्यात येत नाही. धोक्यात येते ती फक्त पुरुषांची सवय, बसल्या जागी, बाई-लेकरू समोर असताना, न विचारता पेटवण्याची.

आता ही 'सार्वजनिक जागा' कुणाची ते पाहू. 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांत पब, बार, डिस्कोथेक, कॉफी हाउस, विमानतळ अशी नावं आहेत. वर्तमानपत्रांत चर्चाही त्यांचीच झाली. मोहाडी तालुक्यातल्या करडीच्या बाईला यातलं काय? पण त्याच कायद्यात सरकारी कार्यालय, दवाखाना, शाळा, उपाहारगृह आणि प्रवासी वाहनही आहे, आणि 2008 च्या नियमांनी बसथांबाही आत घेतला. म्हणजे ग्रामपंचायतीचं कार्यालय, आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी, एस.टी.चा थांबा, बाजाराच्या दिवशीची काळी-पिवळी, ही आपली यादी. एस.टी.च्या गाडीत धूम्रपान करू नये अशी पाटी आपण लहानपणापासून वाचत आलो. काळी-पिवळीत मात्र चालकच पेटवतो, आणि मागे मांडीवर पोर घेऊन चौदावी सवारी म्हणून कोंबलेली बाई काच सरकवते, असली तर.

ग्रामसभेचं उदाहरण मला यात सर्वांत मोठं वाटतं. महाराष्ट्रात निम्म्या जागा बायांसाठी राखीव झाल्या 2011 मध्ये. सरपंच बाई खुर्चीत बसते. पण सभागृहात पुरुषांची मांडी, विडीचा धूर आणि कोपऱ्यात थोटकं हे सगळं जसंच्या तसं. बाया दाराजवळ बसतात, पदर नाकाला लावून, आणि विषय रंगात येण्याआधी उठून जातात. मग म्हणायचं, बायांना गावच्या कारभारात रस नाही! जागा कुणाची आहे हे सांगायला नेहमी दांडगाई करावी लागत नाही, धूरही पुरतो.

आणि हा धूर नुसता नकोसा नसतो. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी 1981 मध्ये दाखवून दिलं की स्वतः कधी न ओढलेल्या, पण नवरा भरपूर ओढणाऱ्या बायांना फुप्फुसाचा कर्करोग जास्त होतो. सिगारेट कंपन्यांनी त्या अभ्यासावर वर्षानुवर्षं तोंडसुख घेतलं, अभ्यास टिकला. कॅनडात हेदर क्रो नावाची बाई आयुष्यभर उपाहारगृहांत वाढप करत राहिली, एकदाही सिगारेट न ओढता फुप्फुसाच्या कर्करोगानं 2006 मध्ये गेली, जाण्याआधी धूरमुक्त कामाच्या जागांसाठी देशभर बोलत फिरली. आपल्याकडे 2016-17 च्या पाहणीत 19 टक्के पुरुष आणि 2 टक्के बाया धूम्रपान करणाऱ्या निघाल्या, तर घरातच दुसऱ्याचा धूर गिळणारे 38.7 टक्के. ओढणारे कोण आणि गिळणारे कोण, हा हिशोब आपल्याला नवा नाही.

म्हणूनच तीस किंवा त्याहून जास्त खुर्च्यांच्या उपाहारगृहाला वेगळी धूम्रपानाची खोली ठेवण्याची जी सूट कायद्यानं दिली, ती मला मान्य नाही. त्या खोलीत कप उचलायला आणि झाडू मारायला कुणाला पाठवणार?

चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणतात, दारू, मारझोड, हुंडा एवढं पडलेलं असताना हे कुठे काढता? काही जणींना यात बाईनं ओढू नये असा संस्कृतीरक्षकांचा वास येतो. बाईनं विडी ओढावी की नाही, हा माझा विषयच नाही. तिनंही बांधावर जावं. दारूसाठी उभ्या-आडव्या बाटलीचं मतदान बायांनी भांडून मिळवलं, ते घराबरोबरच गावाच्या चौकावरही आपला हक्क आहे म्हणून. इथे तर मतदानही लागत नाही, कायदा 2003 पासून आहे. त्याआधी 1999 मध्ये केरळ उच्च न्यायालयानं सार्वजनिक धूम्रपान बंद केलं, त्या याचिकेत मोनम्मा कोक्काड ही प्राध्यापिका होती. 2001 मध्ये मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं देशभर तोच आदेश दिला. अंमल मात्र शून्य. दंड दोनशे रुपयांपर्यंत, आणि गावात तो भरल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. येत्या महिला सभेत ठराव मांडा : कार्यालय, उपकेंद्र, अंगणवाडी आणि बसथांब्यावर नियमाप्रमाणे साठ बाय तीस सेंटिमीटरची पाटी लागावी आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव तिच्यावर लिहावं. सभागृहातली रक्षापात्रं आणि काडेपेट्या बाहेर काढाव्यात. करडीला पोलीस ठाणं आहे, ठरावाची एक प्रत तिथे पोच घेऊन द्यावी. आणि त्याच सभेत दुसरा ठराव विडी वळणाऱ्या बायांसाठी : ओळखपत्र, किमान मजुरी, छाटीचा हिशोब, पर्यायी कामासाठी निधी. दोन्ही ठराव एकाच कागदावर लिहा, म्हणजे पहिल्याला विरोध करायला उठणाऱ्याला दुसरा मोठ्यानं वाचून दाखवता येईल.