विश्लेषण : रायफल जुनी, सुटे भाग नवे

जयनगर (बंगळुरू) : लष्करासाठी नवी रायफल निवडण्यात वर्षे जातात, हाती असलेली सुधारणे तुलनेने सोपे असते. बंगळुरूच्या एसएसएस डिफेन्स या खासगी कंपनीने एके-४७ साठी विकसित केलेल्या सुधारणा संचामागे हाच विचार आहे. त्यात दस्ता, मूठ आणि नळीभोवतीचे आवरण बदलते. मूळ यंत्रणा तीच राहते.

अशा सुट्या भागांसाठी ॲल्युमिनियमचे मिश्रधातू सोयीचे ठरतात. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश असते आणि ॲनोडायझिंगमुळे त्यावर ऑक्साइडचा कठीण थर चढून गंजण्यापासून संरक्षण मिळते. पुण्याच्या ‘एआरडीई’च्या सहभागातून साकारलेल्या ‘अस्मि’ या मशीन पिस्तुलाची माहिती २०२१ मध्ये जाहीर झाली. त्याचा वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, तर खालचा कार्बन फायबरचा आहे.

मात्र हलकेपणा म्हणजे विश्वासार्हता नव्हे. १९९९ च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीमुळे इन्सास रायफलच्या प्लॅस्टिक मॅगझिनला तडे गेल्याच्या तक्रारी आल्या होत्या. त्यामुळे सियाचीनचा हिम, राजस्थानची धूळ आणि किनाऱ्यावरील खारी हवा यांत टिकणे, हीच सुट्या भागांची खरी कसोटी आहे. खरेदीच्या अटींत वजनाइतकेच महत्त्व या चाचण्यांना मिळायला हवे. तेथे राहिलेल्या उणिवेची किंमत अखेर सीमेवरील जवानालाच मोजावी लागते.