घरातल्या डब्याचा पासवर्ड

माननीय अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली



फायबरचं कनेक्शन घेतलं की इंटरनेट कंपनीचा माणूस भिंतीवर राउटरचा एक पांढरा डबा ठोकून जातो. त्याला वीज आम्ही पुरवतो, त्याच्यावरची धूळ आम्ही पुसतो, पण आत काय चालायचं ते कंपनी ठरवते. आमच्याकडे आलेल्या तंत्रज्ञाला मी ॲडमिनचा पासवर्ड विचारला. तो म्हणाला, "साहेब, यूजरचा देतो. सुपर ॲडमिनचा आम्हालासुद्धा देत नाहीत." बिचारा खरं तेच सांगत होता. यूजर म्हणून आत शिरलं तर वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलता येतो, त्यापुढे फारसं काही नाही.

माझी मागणी थोडक्यात सांगतो. ग्राहकाला स्वतःचा राउटर लावू द्या, त्यात हवं ते फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, चालवू द्या, आणि जोडणीला लागणारी माहिती कंपनीने न मागता लेखी द्यावी.

राउटर हा छोटा संगणकच असतो, आणि त्यात बहुधा लिनक्स चालतं. २००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर बाजारात आला. त्यात लिनक्सचा कोड वापरलाय हे जाणकारांनी पुढच्याच वर्षी हुडकून काढलं आणि जीपीएल परवान्याच्या अटीपायी कंपनीला तो कोड खुला करावा लागला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं फर्मवेअर उभं राहिलं. गंमत म्हणजे पुढे कंपनीने त्या मॉडेलमधून लिनक्स काढलं, पण लिनक्स हवं असणाऱ्यांसाठी डब्ल्यूआरटी५४जीएल नावाचं वेगळं मॉडेल आणलं, आणि ते दहा वर्षांहून जास्त काळ विकलं गेलं. तेव्हा खुल्या फर्मवेअरने धंदा बुडतो, हे कुणी तुम्हाला सांगू नये.

याचा सामान्य घरात उपयोग काय? आमच्याकडे मुलगी फोनमधले व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागली की शेजारच्या खोलीत मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायचा. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: मोठा प्लॅन घ्या. प्लॅनचा दोष नव्हताच. डब्याच्या आत व्हिडिओच्या पॅकेटांची लांबलचक रांग साचायची आणि माझ्या आवाजाचं पॅकेट तिच्या शेपटाला उभं राहायचं. जाणकार याला बफरब्लोट म्हणतात. बऱ्याच खटपटीनंतर कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घेतला, म्हणजे त्याने फक्त फायबरचा सिग्नल पुढे द्यायचा, आणि त्याच्यामागे ओपनडब्ल्यूआरटी चढवलेला जुना राउटर लावला. त्यात एसक्यूएम नावाची सोय आहे. अपलोडचा वेग लाइनच्या वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास लिहायचा, रांग सांभाळायला 'केक' निवडायचं, सेव्ह करायचं. प्लॅन तोच, वायर तीच, आवाज तुटायचा थांबला. ही रांग सुधारण्यासाठी २०२५ मध्ये निवर्तलेल्या डेव्ह टाट यांच्यासारख्या माणसांनी अनेक वर्षं घालवली. त्यांचं काम कुणालाही फुकट वापरता येतं. आमच्या डब्यालाच कुलूप आहे.

सुरक्षेचं म्हणाल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एक चक्कर मारा. राउटरच्या खोक्यावर अँटेना किती, वेग किती, सगळं ठळक छापलेलं असतं. सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळणार, ते शोधून दाखवा. कंपनीने हात वर केलेल्या कित्येक मॉडेलांना ओपनडब्ल्यूआरटीचे स्वयंसेवक पुढे वर्षानुवर्षं अपडेट देत राहतात.

कंपन्या म्हणतील, सगळं आमच्या ताब्यात असलं की जाळं सुरक्षित राहतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट कोलमडलं. मिराई या मालवेअरच्या एका अवताराने राउटरच्या दुरून देखभालीसाठी ठेवलेल्या पोर्टवर हल्ला चढवला होता. कंपनीच्या सोयीसाठी ठेवलेलं दारच चोरांनी वाजवलं.

दुसरा आक्षेप रेडिओचा, आणि तो मला मान्य आहे. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलांवर हवामानाचे रडारही चालतात. तिथे कुणी मनाला येईल तेवढी पॉवर वाढवू नये. पण त्यासाठी सगळं फर्मवेअर बंद करायची गरज नाही. अमेरिकेत एफसीसी या नियामक संस्थेने २०१६ मध्ये टीपी-लिंक या राउटर कंपनीला पॉवरची मर्यादा ओलांडू दिल्याबद्दल २ लाख डॉलर भरायला लावले, आणि त्याच तडजोडीत रेडिओची मर्यादा राखून बाहेरचं फर्मवेअर चालू देण्याचा मार्ग शोधण्याचं कबूल करून घेतलं.

हे सगळ्यांनी करावं असं माझं म्हणणं नाही. एकाच मॉडेलच्या व्ही२ आणि व्ही३ आवृत्त्यांमध्ये आतली चिपसुद्धा वेगळी असू शकते. बुडाचं स्टिकर न वाचता फाइल चढवली तर राउटरची वीट होते (म्हणजे तो निकामी होतो), आणि ती ज्याची त्यानेच सोसावी. बहुतेक लोक कंपनीचाच डबा ठेवतील, खुशाल ठेवू देत.

जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला आपल्या पसंतीचा राउटर लावता येतो. जोडणीचे तपशील कंपनीने न मागता, विनाशुल्क द्यायचे असतात. ग्राहकाला अशी मोकळीक देणं तुम्हालाही नवं नाही. मोबाइल कंपनी बदलूनही नंबर कायम ठेवण्याची सोय तुमच्याच नियमांनी आली. त्याच २०१६ च्या फेब्रुवारीत तुम्ही वेबसाइटप्रमाणे वेगवेगळे डेटा-दर लावायला मनाई केलीत. २०२० मध्ये तर कुठल्याही कंपनीला चालेल असा सेट-टॉप बॉक्स असावा, अशी शिफारस केलीत. टीव्हीच्या डब्याला जो न्याय, तो इंटरनेटच्या डब्याला का नको?

१९९७ च्या ट्राय कायद्याने तुम्हाला स्वतःहून शिफारस करण्याचा अधिकार आहे. एक सल्लामसलत-पत्र काढा आणि त्यात विचारा: कंपनीची हद्द ओएनटीच्या (फायबर जिथे येऊन जुळते त्या डब्याच्या) इथरनेट पोर्टपाशी संपावी का, की ओएनटीही ग्राहकाचा असावा? जोडणीचे पीपीपीओई व व्हीएलॅन आणि लँडलाइनचे एसआयपी तपशील पहिल्या बिलासोबत द्यावेत का? अपडेटची शेवटची तारीख खोक्यावर छापणं सक्तीचं करावं का, आणि ती उलटल्यावर दुसरं फर्मवेअर चढवू न देणारं बूटलोडरचं कुलूप कंपनीने काढून द्यावं का? उत्तरं आम्ही पाठवू. तोवर ब्रिज मोड मागणाऱ्या ग्राहकाला कस्टमर केअरने एका विभागातून दुसऱ्या विभागात टोलवू नये, एवढं परिपत्रक काढलंत तरी पुष्कळ.

आपला,
पुण्यातला एक ब्रॉडबँड ग्राहक