रेझ्युमेत तुमचे काम दिसू द्या

शादीच्या व्हिडिओंचे एडिटिंग शिकलेली आपली बरीच मुलेमुली आता न्यूज चॅनेल, जाहिरात कंपनी, प्रॉडक्शन हाऊसमध्ये अर्ज करतात. त्यांच्या रेझ्युमेत वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, छंद असे सगळे असते. कामाबद्दल मात्र एकच ओळ: ‘व्हिडिओ एडिटिंग येते.’ एवढ्यावर कोण बोलावणार?

रेझ्युमे एका पानाचा ठेवा. वर नाव, फोन, ईमेल, गाव आणि लगेच शोरीलची लिंक द्या. शोरील म्हणजे तुमच्या उत्तम कामाचे एक-दोन मिनिटांचे तुकडे. सर्वांत चांगला तुकडा आधी, कारण पाहणारा शेवटपर्यंत थांबेलच असे नाही. गूगल ड्राइव्हवर ठेवले असेल तर लिंक दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडते का, ते तपासा. परवानगी खुली केली नसेल तर ती उघडत नाही.

मग तीन-चार कामे लिहा. नुसते ‘वेडिंग व्हिडिओ’ नको. असे लिहा: ‘निकाह व वलीमा, ३ कॅमेरे, ६ तासांचे चित्रीकरण, २५ मिनिटांची फिल्म. कट व साउंड माझे, कलर दुसऱ्याचे.’ प्रीमियर प्रो किंवा दाविंची रिझॉल्व्ह येत असेल तर त्यात काय करता येते, तेही लिहा. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती मिळते. तेव्हा महागडे सॉफ्टवेअर नाही म्हणून शिकणे अडत नाही.

दुसऱ्याचे काम आपल्या नावावर दाखवू नका. हे खोटे तर आहेच, शिवाय टिकतही नाही. अनेक ठिकाणी कच्चे फुटेज समोर ठेवून ‘हे कापून दाखवा’ म्हणतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. शादीचे फुटेज ही त्या घराची अमानत आहे. आपल्याला ते एडिटिंगसाठी दिले होते, नोकरीच्या अर्जासोबत अनोळखी लोकांना दाखवण्यासाठी नव्हे. त्यात जनानखान्यातल्या मायबहिणी असतात. कुणाची मेहंदी असते, कुणाच्या विदाईचे अश्रू. स्टुडिओ मालकाला विचारा, त्या घरालाही विचारा. परवानगी मिळाली तरी स्त्रियांचे चेहरे वगळा. ‘नाही’ म्हणाले तर ‘नाही’च.

मग शोरीलमध्ये काय ठेवायचे? मोहल्ल्यातली बेकरी पहाटे कशी चालते, शिवणकाम करणारी खाला कपडा कसा बेतते, यांवर त्यांच्या संमतीने दोन मिनिटांची फिल्म बनवा. चित्रीकरण मोबाइलवर केले तरी चालते. काम देणारा कॅमेऱ्याची किंमत बघत नाही. कट कुठे घेतला आणि आवाज नीट जुळला का, ते बघतो.

पालकांनाही एक विनंती. रात्री लॅपटॉपसमोर बसलेले मूल वेळच घालवत असेल असे समजू नका. त्याने काय बनवले, ते एकदा शेजारी बसून पाहा. मुलींना हे काम घरी बसूनही करता येते.

अल्लाह आपल्या मुलांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.