पायेदार तरक्की आणि आपला धंदा

शाश्वत विकास म्हटले की आपले व्यापारीबंधू झाडे लावणे आणि प्लास्टिकबंदी एवढेच समजतात व तो विषय सरकारी खात्यांवर सोडून देतात. उर्दू शाळेत शिकलेल्या मला त्यासाठीचा ‘पायेदार तरक्की’ हा शब्द जवळचा वाटतो. पायेदार कपडा म्हणजे टिकणारा, हे गिऱ्हाइकालाही कळते. १९८७ च्या ब्रंटलँड अहवालाने या विकासात गरिबांच्या गरजांना अग्रक्रम दिला होता. तो भाग आपल्यापर्यंत पोहोचलाच नाही.

येरळा नदीचेच घ्या. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातून ती सांगली जिल्ह्यात येते आणि पुढे कृष्णेला मिळते. ठेकेदारांनी तिची वाळू बेसुमार उपसली. वाळू पाणी धरते. ती गेली तशा काठच्या विहिरी आटल्या. त्यातच १९८२ साली मुंबईत गिरणी संप झाला आणि खानापूर तालुक्यातले कामगार गावी परतले. आपल्याच कापडधंद्यातली ही माणसे! त्यांच्या पुढाकाराने मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. ऐंशीच्या दशकात बलवडी व तांदुळवाडीच्या लोकांनी स्वतः मर्यादित वाळू विकून आणि श्रमदान करून येरळेवर बळीराजा धरण बांधायला घेतले.

नुसते धरण असते तर मी लेखणी उचलली नसती. कुणाची जमीन किती, हे न पाहता त्यांनी प्रत्येक कुटुंबाचा पाण्यावर सारखा हक्क मानला. भूमिहीनाचासुद्धा. पाण्याचा वाटा असला की तो दुसऱ्याची जमीन वाट्याने करू शकतो, गावात टिकू शकतो.

यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. मी विट्याच्या मागावरचे कापड विकतो. एक मोठा बागायतदार लग्नसराईत भारी खरेदी करतो, कबूल. पण दुकान वर्षभर चालते ते मजुरांच्या, छोट्या शेतकऱ्यांच्या शेकडो घरांवर. दुष्काळात ही घरे गाव सोडतात, तेव्हा माझ्याकडे त्यांची उधारी तेवढी राहते. ती मागायची तरी कोणाकडे?

आता टेंभू योजनेचे पाणी खानापूर, आटपाडीकडे आले आहे. ते उसातच जिरणार की हलक्या रानापर्यंत पोहोचणार, हा प्रश्न आपल्या गल्ल्याचाही आहे. जीएसटी आणि वीजदरावर आपल्या संघटना निवेदने देतात. पाणीवाटपावर त्यांनी एकदा तरी तोंड उघडावे.